भागवतचं अपडेट आणि लक्ष्मणभाऊंचा फोटो

रेणापुरात माझं खता-बियांचं दुकान आहे आणि रस्त्याच्या पलीकडं भागवतचं. त्याच्या पाटीवर 'रुद्राणी मल्टिसर्व्हिसेस' असं लिहिलंय आणि खाली सेवांची नावं. पॅनकार्ड, आधार दुरुस्ती, सातबारा, पीकविमा, लॅमिनेशन, लग्नपत्रिका. सगळ्यांत खाली, पण सगळ्यांत मोठ्या अक्षरात: 'आंतरराष्ट्रीय दर्जाच्या वेबसाइट बनवून मिळतील.' पूर्ण पाटी वाचायची म्हटलं तर लातूरची बस चुकते.

आंतरराष्ट्रीय हा शब्द काही खोटा नव्हता. माझ्या दुकानाची वेबसाइट त्यानंच केली. तिच्यात युरियाच्या खाली 'आमचे निष्णात आचारी' असा मथळा आणि त्याखाली पांढऱ्या उंच टोप्या घातलेले तीन गोरे साहेब हसत उभे.

"भागवत, हे कोण रे?" मी विचारलं.

"थीमसोबत आलेत, भाऊ. काढायला गेलं की डावीकडचं सगळं उजवीकडं जायलंय. राहू द्या की. गिऱ्हाइकाला वाटंल फॉरेनला ब्रँच हाय."

थीम म्हणजे वेबसाइटचा तयार शिवलेला पोशाख. मजकूर आणि फोटो आपले, पण ते कुठं, कसे, कोणत्या रंगात दिसायचे हे थीम ठरवते. भागवतनं कुठून तरी एकच थीम मिळवली होती, ती मूळची परदेशातल्या खाणावळीसाठी केलेली. तीच त्यानं खताच्या दुकानाला घातली, मंगल कार्यालयाला घातली, एका दातांच्या डॉक्टरलाही घातली. जिथं तंग व्हायची तिथं उसवायचा, ढगळ व्हायची तिथं टाके मारायचा. आणि हे सगळं थेट थीमच्या मूळ फायलींत, चालत्या साइटवर. आधी कॉपी करून ठेवणं, दुसरीकडं करून बघणं, हे भित्र्या माणसांचे धंदे आहेत असं त्याचं मत होतं.

मत बनवण्याइतकं शिक्षण त्याचं झालेलं होतं. आमच्या लातूर भागात पोरगं दहावी झालं की त्याला क्लासला घालतात, जसं सोयाबीन मळणीयंत्रात घालतात. एका बाजूनं डॉक्टर निघतात, दुसऱ्या बाजूनं भुसा. भागवत दुसऱ्या बाजूनं निघाला. त्याचे वडील रामकिशन हिंमत हरले नाहीत. त्यांनी त्याला नांदेडला कॉम्प्युटर शिकायला पाठवलं. तिथं वर्गात हिमायतनगरची गीतांजली होती. दोघांचं जमलं. घरच्यांनी आधी साफ नाही म्हटलं. मग जात एकच निघाली, तेव्हा प्रेम नावाची गोष्ट जगात असू शकते हे दोन्हीकडच्यांनी मोठ्या मनानं मान्य केलं. पुढं भागवत पुण्यात एका कंपनीत लागला. परदेशातल्या लोकांची वेबसाइट बिघडली की 'बंद करून परत चालू करा' असं त्यांना नम्र इंग्रजीत लिहिणं हे त्याचं काम. लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली, तो बायकोला घेऊन रेणापूरला आला आणि सॉफ्टवेअर क्षेत्राचा अनुभव असलेला माणूस म्हणून पाटी लावून बसला.

गीतांजली लग्नाआधी दोन वर्षं नांदेडच्या एका ऑफिसात वेबसाइटचंच काम करायची. तिला एक वाईट सवय होती. ती सूचना वाचायची. त्यामुळं नवरा-बायकोचं पटणं अवघड होतं. पण दोघं एकाच दुकानात बसायचे आणि मध्ये झेरॉक्सचं मशीन होतं, म्हणून निभावलं.

आता माळनिंब्याकडं येऊ. ते माझं गाव, रेणापूरपासून जवळच. मागच्या निवडणुकीत तिथलं सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं आणि आमचे लक्ष्मणभाऊ सरपंच झाले. म्हणजे निवडून आल्या त्यांच्या बायको, शिवकांताबाई. पण एवढ्या बारक्या फरकावरनं गावात कुणी वाद घातला नाही. विजयाची मिरवणूक निघाली तेव्हा गुलाल भाऊंच्या अंगावर पडला, हार भाऊंच्या गळ्यात पडले आणि शिवकांताबाई घरी शंभर माणसांचा चहा टाकून बसल्या होत्या. ग्रामपंचायतीत सरपंचाच्या खुर्चीत भाऊ बसायचे. सह्या लागल्या की ग्रामसेवक भारत कागद घेऊन घरी जायचा. शिवकांताबाई पदराला हात पुसून सही करायच्या. दहावी पास होत्या, बचत गट त्यांनी कितीतरी वर्षं नीट चालवला होता, अक्षर भाऊंपेक्षा चांगलं होतं. एकदा त्यांनी भारतला विचारलं, "ह्यात लिहिलंय काय?" भारत म्हणाला, "काही न्हाई ताई, रुटीन हाय." मग त्यांनी परत विचारलं नाही.

पुढं जिल्ह्याकडून गावागावांसाठी एक स्पर्धा आली. स्वच्छता, पाणी, शाळा, अंगणवाडी आणि गावाची स्वतःची वेबसाइट, या सगळ्याला गुण. लक्ष्मणभाऊ पांढऱ्या कपड्यांत भागवतच्या दुकानात येऊन बसले. मीही पान खायला तिथंच होतो.

"भागवत, साइट अशी पाहिजे की उघडली की गाव दिसलं पाहिजे."

"म्हणजे नेमकं काय दिसायला पाहिजे, भाऊ?"

"मी."

मागणी स्पष्ट होती. साइटचा मजकूर भरायचं काम गीतांजलीकडं आलं. तिनं भारतकडून माहिती मागवली आणि रीतीनं भरत गेली. गावाची लोकसंख्या, सदस्यांची नावं, दाखले कसे काढायचे, नळाच्या वेळा. सरपंच म्हणून तिनं शिवकांताबाईंचं नाव, फोटो आणि त्यांचाच मोबाइल नंबर टाकला. कारण कागदावर तसंच होतं आणि तिला ती वाचायची सवय होती.

भाऊ बघायला आले आणि खुर्चीतून अर्धे उठले.

"हे काय? हिचा फोटू?"

"सरपंच त्याच हायत ना, भाऊ," गीतांजली म्हणाली.

"हायत की. कागदावर हायत. पण ही साइट हाय, कागद थोडाच हाय?"

गीतांजली आणखी काही बोलणार होती. पण भागवतनं ते बाहेर पडू दिलं नाही, कारण गिऱ्हाईक देव आहे असं त्यानं भिंतीवर लॅमिनेशन करून लावलेलं होतं. त्यानं लॅपटॉप आपल्याकडं ओढला आणि थीमची सगळ्यांत वरची फाइल उघडली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर काय दिसायचं ते त्या फाइलीत असतं. तिथं त्यानं भाऊंचा हात जोडलेला फोटो बसवला. त्याखाली सरकती पट्टी: 'कार्यसम्राट, विकासपुरुष, माळनिंब्याचे भाग्यविधाते.' मग त्याला आणखी सुचलं. त्यानं थीममध्ये चार ओळी अशा लिहिल्या की साइटवर जिथं जिथं शिवकांताबाईंचं नाव, फोटो आणि नंबर येईल तिथं ते झाकून भाऊंचं नाव, फोटो आणि नंबर दिसावा. खाणावळीच्या थीमवर वरच्या कोपऱ्यात 'बुक अ टेबल' असं एक बटण होतं, तेही त्यानं त्याच झटक्यात दडवलं.

म्हणजे बाईंचं नाव पुसलेलं नव्हतं. आत साठवणीत ते जसंच्या तसं होतं. दारात मात्र भाऊ उभे होते. वेबसाइट थेट आमच्या ग्रामपंचायतीसारखी झाली.

गीतांजलीनं एकदाच सांगून बघितलं. "अहो, मूळ थीममध्ये नका चिकटवू. ती ज्यांची हाय ते लोक तिला कवा बी सुधारून पाठवतेत. अपडेट मारलं की जुन्या फायली जाऊन नव्या येतेत, तुमचं सगळं धुऊन जातंय. चाइल्ड थीम करा. मायच्या अंगाला हात लावायचा न्हाई, तिच्या पोटी एक लेकरू काढायचं आन् काय नटवायचं ते लेकराला नटवायचं. माय बदलली तरी लेकराच्या अंगावरचं तसंच ऱ्हातंय."

भागवत हसला. "एका फोटूसाठी लेकरू काढू का आता? हाय त्या एका लेकरानं दुकान डोक्यावर घेतलंय."

त्यांची लेक रुद्राणी खरंच तेव्हा लॅमिनेशनच्या मशीनमध्ये आपली चप्पल घालायचा प्रयत्न करत होती, त्यामुळं चर्चा तिथंच संपली. भाऊंनी साइटचा मोबाइलवर स्क्रीनशॉट काढला आणि गावभर दाखवला. लग्नात दाखवला, तेराव्याला दाखवला. पुन्हा खरी साइट उघडायची त्यांना गरज पडली नाही. गावातल्या कुणालाच पडली नाही.

महिना-दीड महिना गेला. स्पर्धेची तपासणी तोंडावर आली. त्या आठवड्यात थीमवाल्यांचा इशारा आला की जुन्या थीममध्ये भोक सापडलंय, त्यातून कुणीही आत शिरून साइट ताब्यात घेऊ शकतं, तेव्हा ताबडतोब अपडेट करा. गीतांजलीनं तो वाचला. मी झेरॉक्सला गेलो होतो, माझ्यासमोरचं बोलणं आहे.

"अहो, पंचायतीच्या साइटचं अपडेट करू का? तुमचं काही मूळ थीममध्ये चिकटवलेलं हाय का अजून?"

भागवतच्या एका कानाला फोन होता, दुसऱ्या बाजूला आधारकार्डवाली म्हातारी ओरडत होती. "कर की. अपडेटनं चांगलंच होतंय. मी काय बी चिकटवलेलं न्हाई."

"नक्की?"

"न्हाई म्हणलं ना. किती वेळा इचारशील?"

त्यानं खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. त्याला खरंच आठवत नव्हतं. इतक्या साइटींवर इतकं काही चिकटवलेलं असल्यावर कुणाला आठवणार? गीतांजलीनं आधी सगळ्या साइटची एक प्रत आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतली, मग अपडेट केलं. साइट उघडून बघितली. शिवकांताबाई दिसत होत्या, नळाच्या वेळा दिसत होत्या. भाऊ नव्हते. ते तिच्या लक्षात आलं का, हे मी तिला नंतर विचारलं. "आलं की," ती म्हणाली. "मला वाटलं ह्यांनीच काढलं आन् मला सांगितलं न्हाई. चिकटवलेलं न्हाई म्हणाले ना." एवढं बोलून ती हसली नाही, हे मी इथं नोंदवून ठेवतो.

तपासणीच्या दिवशी ग्रामपंचायतीला झेंडूची तोरणं. भिंतीवरचा मोठा टीव्ही पुसून ठेवलेला. सरपंचाच्या खुर्चीत लक्ष्मणभाऊ, अंगात नवं जाकीट. भागवत तांत्रिक सल्लागार म्हणून कोट घालून आला होता, उन्हाळ्यात. शिवकांताबाई दाराशी बचत गटाच्या बायकांत ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या. मीही गावचा म्हणून मागच्या बाकावर.

तपासणीला विस्तार अधिकारी लुंबिनी सोनकांबळे मॅडम आल्या, सोबत दोन कर्मचारी. मॅडमनी ओवाळून घेतलं, पाणी घेतलं आणि म्हणाल्या, "आधी वेबसाइट बघू. उघडा."

भारतनं उघडली.

टीव्हीवर शिवकांताबाई आल्या. एवढ्या मोठ्या त्या गावानं कधी बघितल्या नव्हत्या. खाली लिहिलेलं: सरपंच, ग्रामपंचायत माळनिंबा. शेजारी त्यांचा नंबर. भाऊंचा फोटो नाही, सरकती पट्टी नाही, भाग्यविधाते नाहीत. दाराशी एका बाईनं शिवकांताबाईंना कोपरानं ढोसलं.

"सरपंच कोण?" मॅडमनी कागदावरनं मान वर करत विचारलं.

"हाव, बोला मॅडम," भाऊ सवयीनं म्हणाले.

मॅडमनी टीव्हीकडं बघितलं, मग भाऊंकडं. "तुम्ही शिवकांताबाई?"

भाऊंनी भागवतकडं बघितलं. भागवतनं कोटाचं बटण लावलं आणि आमच्या भागात दवाखान्यापासून तहसीलपर्यंत चालणारं औषध पुढं केलं. "सर्व्हर डाऊन हाय, मॅडम."

"सर्व्हर डाऊन असता तर हे दिसलं कसं?"

यावर औषध संपलं. मॅडमनी टीव्हीच्या कोपऱ्याकडं बोट केलं. दडवलेलं बटण तिथं परत आलेलं होतं. "आणि हे बुक अ टेबल काय आहे?"

भारत ग्रामसेवक नोकरीत मुरलेला माणूस. तो म्हणाला, "दाखल्यासाठी कोणत्या टेबलाला जायचं, त्याचं हाय मॅडम ते."

कार्यालयात एकच टेबल होतं. मॅडमनी ते बघितलं आणि लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "सरपंचांना बोलवा."

शिवकांताबाई ताट दुसरीच्या हातात देऊन आत आल्या. बसायचं कुठं हा प्रश्न होता. भाऊंना उठायला जरा वेळ लागला. गुडघा दुखत असावा. बाई खुर्चीच्या टोकावर बसल्या, जणू ती कुणाची तरी मागून आणलेली होती.

"पाण्याची टाकी कधी धुतली?"

"अमावस्येच्या आदल्या दिवशी. आमच्या गटाच्या बायांनीच उभं राहून धुऊन घेतली. त्याच्या आधी आत पाल मेलेली निघाली होती, म्हणून मी रोज झाकण बघतेय."

मॅडमनी मान हलवली. "अंगणवाडीत पोरं किती येतात?"

"पटावरली सगळी न्हाई येत. वस्तीवरली येत न्हाईत, मधी ओढा हाय. मी सेविकेला म्हणलं, आठवड्यातून दोनदा खाऊ तिकडंच नेऊन द्या."

भाऊ बायकोकडं बघत होते. आपल्या घरात हे सगळं कधी घडलं असा त्यांचा चेहरा झाला होता.

"बरं. यंदाच्या ग्रामविकास आराखड्यात काय काय घेतलंय?"

शिवकांताबाईंनी भारतकडं बघितलं, भारतनं पंख्याकडं बघितलं. मग त्या सरळ म्हणाल्या, "ते मला म्हाईत न्हाई. मला दाखवलं न्हाई."

त्या कार्यालयात आजवर कुणालाही काहीही माहीत नाही असं कधी झालेलं नव्हतं. 'चौकशी करून सांगतो', 'फाइल वर गेलीय', 'साहेब रजेवर हायत' असल्या उत्तरांवर ती इमारत उभी होती. आता ती पडते की काय असं वाटून दोन सदस्यांनी खुर्चीचे हात धरले. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच हसून म्हणाल्या, "मग आपण दोघी मिळून बघू."

तिकडं लक्ष्मणभाऊ भागवतला दंडाला धरून बाहेर लिंबाखाली घेऊन गेले. मीही पाठोपाठ गेलो. मित्राला अडचणीत एकटं सोडू नये, आणि ऐकायलाही नीट येत नव्हतं.

"माझा फोटू कुठं गेला?"

"भाऊ, अपडेट झालंय वाटतं..."

"झालं म्हणजे? आपोआप झालं का? गावापुढं इज्जत गेली माझी! आत्ताच्या आत्ता लाव!"

"आत्ता? इथं लॅपटॉप न्हाई, भाऊ."

"मोबाइल हाय ना?"

मोबाइल होता, हीच अडचण झाली. शहाणा माणूस अशा वेळी हात खिशात घालतो. भागवतनं तिथंच लिंबाखाली, कोटात घाम गाळत, साइटच्या फायली मोबाइलवर उघडल्या आणि जुन्या ओळी आठवतील तशा थीमच्या मूळ फाइलीत अंगठ्यानं लिहायला लागला. भाऊ वरून बघत होते. "विकासपुरुष लिही... कार्यसम्राट ऱ्हायलं बघ..." एक अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं. एवढंच. सेव्ह केलं.

आत भारतनं पुढचं पान उघडलं आणि टीव्ही पांढरा झाला. शिवकांताबाई गेल्या, नळाच्या वेळा गेल्या, टेबलही गेलं. मध्ये एकच ओळ उरली: या वेबसाइटवर गंभीर त्रुटी उद्भवली आहे.

"आता सर्व्हर डाऊन हाय, मॅडम," भारत आतून म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात आत्मविश्वास होता.

भागवतचा चेहरा टीव्हीसारखाच झाला. फाइल परत उघडली तर कुठली ओळ आधीची आणि कुठली आपली, हे त्याला ओळखू येईना. भाऊ "काय झालं, काय झालं" करत होते. शेवटी त्यानं नेहमी सगळं हातघाईवर आल्यावर करायचा तो फोन केला.

"गीता, साइट गेली."

गीतांजलीनं विचारलं, "कुठल्या फाइलीत हात घातला?" तो सांगत गेला. ती मध्ये एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हणाली नाही. मला वाटतं ते त्याला जास्त लागलं.

"माझ्याकडं अपडेटच्या आधीची पूर्ण प्रत हाय," ती म्हणाली. "ती लावली तर भाऊचा फोटू परत येतो. पण त्याच्यासोबत थीमचं भोक बी परत येतंय. दुसरं म्हणजे मी फक्त नवी थीम कोरी आणून ठेवते. मग बाई दिसतेल. सांगा, काय करू?"

भागवतनं भाऊंकडं बघितलं. भाऊंनी ऐकलं होतं, फोन स्पीकरवर होता. "जुनं लाव," ते म्हणाले. "भोक नंतर बुजव."

आणि इथं भागवतनं आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाचं ऐकलं नाही. का, ते त्यालाही नीट सांगता येत नाही. एकदा मला म्हणाला की घाबरलो होतो. एकदा म्हणाला, आत त्या बाईला पाल मेलेली सांगताना बघितलं आणि कसंतरी झालं. त्यानं फोन तोंडाजवळ धरला. "गीता, नवी कोरी लाव. आन् तिला ते लेकरू काढ. मी काय बी हात लावत न्हाई."

टीमचे पोहे संपेपर्यंत साइट परत उभी राहिली. वर साधा हिरवा रंग, गावाचं नाव, शिवकांताबाई. टेबलाचं बटण गीतांजलीनं या वेळी लेकरू थीममधून काढून टाकलं. मॅडमनी एकदा बघितलं, मान हलवली आणि शाळा बघायला निघून गेल्या. सोबत शिवकांताबाई चालत होत्या. लक्ष्मणभाऊ मागं, घोळक्यात.

महिनाभरानं निकाल आला. माळनिंबा तालुक्यात दुसरं. अहवालात वेबसाइटबद्दल लिहिलं होतं की तालुक्यात ज्या गावांना महिला सरपंच आहेत, त्यांच्यापैकी या एकाच गावाच्या वेबसाइटवर सरपंचाच्या जागी सरपंच दिसतात. बाकीच्यांवर पती, दीर, सासरे आणि एका ठिकाणी गावाबाहेरचे एक पुढारी आढळले. पुरोगामी दृष्टिकोनाबद्दल वेबसाइट निर्माते भागवत यांचं विशेष अभिनंदन.

भागवतला लातूरला बोलावून शाल-नारळ दिला. शिवाय 'वेबसाइटची सुरक्षितता' या विषयावर दोन शब्द बोलायला सांगितलं. तो जवळपास तासभर बोलला. मूळ थीमला हात लावायचा नाही, आधी प्रत काढून ठेवायची, बदल आधी नकलेवर करून बघायचा, मग खऱ्या साइटवर. माय आणि लेकराचं उदाहरण तर त्यानं असं रंगवलं की दोन ग्रामसेवकांनी डोळे पुसले. हे उदाहरण कुणाचं, हे सांगायला तो विसरला. गीतांजली त्या दिवशी दुकानात बसून आलेल्या नव्या ग्रामपंचायतींची कामं लिहून घेत होती. रात्री त्यानं नारळ तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "बरं झालं. चटणीला खोबरं न्हवतंच."

पण माणूस सुधारतो, हळूहळू. भागवतनं नंतर एकेक करून सगळ्या जुन्या साइटी उघडल्या. दातांच्या डॉक्टरची, मंगल कार्यालयाची. प्रत्येकीत आपण काय काय चिकटवलंय ते बघून तो मला म्हणाला, "भाऊ, हे माझ्याच हातचं हाय का?" गीतांजली सांगायची आणि तो एकेक गोष्ट मूळ थीममधून उचलून लेकरात नेऊन ठेवायचा. दोघांच्या मधलं झेरॉक्स मशीन त्यांनी भिंतीकडं सरकवलं. जागा पुरत नव्हती, असं दोघंही सांगतात.

शिवकांताबाईंचं म्हणाल, तर साइटवर त्यांचाच नंबर राहिला आणि लोक फोन करायला लागले. पहिले काही दिवस फोन भाऊ उचलायचे. "बोला, सरपंच बोलायलो." समोरचा म्हणायचा, "बाईंना द्या हो, टाकीचं काम हाय." शेवटी बाईंनी फोन आपल्या कमरेच्या पिशवीत ठेवायला सुरुवात केली. एक दिवस त्या एकट्याच टमटमनं रेणापूरला आल्या आणि गीतांजलीसमोर ग्रामविकास आराखडा ठेवला. भारतकडनं मागून आणलेला.

"पोरी, हे साइटवर टाकता येतंय का? सगळ्यांना दिसंल असं?"

"येतंय की, ताई. पण का?"

"मला म्हाईत न्हवतं तसं आणिक कुणाला म्हाईत नसंल तर?"

लक्ष्मणभाऊ महिनाभर रुसले. मग भागवतनं त्यांना त्यांची स्वतःची साइट करून दिली. तिच्यावर फक्त भाऊ. प्रत्येक पानावर भाऊ, हात जोडलेले, हात उंचावलेले, ट्रॅक्टरवर. दर आठवड्याला भाऊ नवा फोटो आणतात आणि भागवत तो लेकरू थीममध्ये, नकलेवर आधी बघून, नीट बसवून देतो. ती साइट भाऊ रोज बघतात. आणखी कुणी बघत असेल तर त्याचं नाव अजून कळलेलं नाही.

म्हणून परवा ते दुकानात आले आणि म्हणाले, "भागवत, पंचायतीच्या साइटवर माझ्या साइटची एक लिंक टाक. एका कोपऱ्यात. लोक तिकडं जातेत, तिकडनं इकडं येतेल."

भागवत म्हणाला, "भाऊ, आता ते सरपंचाला इचारल्याशिवाय करता येत न्हाई."

भाऊ चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "मग इचार की तिला."

भागवतनं तिथंच फोन लावला. शिवकांताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मागं कुठं तरी पाण्याचा आवाज येत होता.

"अर्ज द्या म्हणावं त्यांना," त्या म्हणाल्या. "मासिक सभेत ठेवते."